आकाशाचे हौशी छायाचित्रकार

‘हौसेला मोल नाही’ असे आपण नेहमी म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होऊ शकतात. हौसेपायी माणूस किती पैसा, किती झोप आणि किती आयुष्य खर्ची घालील याला काही मोजमाप नाही, हा एक अर्थ. हौसेने केलेल्या कामाला बाजारात किंमत नाही, हा दुसरा. व्यवहारात आपण दुसऱ्या अर्थाकडेच अधिक झुकतो. ‘हौशी’ हा शब्द उच्चारताना आपल्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसे हसू उमटते. जणू कसलेल्या माणसाचे काम ते खरे काम आणि हौशी माणसाचे ते चार घटकांचे खूळ! या समजुतीची एकदा कसोटी घ्यावी, या हेतूने आम्ही आजचा विषय निवडला आहे. रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घेण्याची विद्या सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जन्मली. ती कोणी वाढविली, कशी वाढविली आणि त्यातून ज्ञानाच्या पदरात काय पडले, हे पाहिले म्हणजे म्हणीचा कोणता अर्थ खरा मानावा, हे ज्याचे त्याला ठरविता येईल.

आरंभी एका प्रश्नाचा उलगडा केला पाहिजे. आकाश डोळ्यांना दिसते आहे, दुर्बिणीतून अधिक दिसते आहे, मग त्याचे छायाचित्र कशासाठी? उत्तर सोपे आहे. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवीत नाही. क्षणाच्या एका लहानशा अंशात जेवढा प्रकाश आत येईल तेवढ्यावर तो चित्र बनवितो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी करून पुन्हा आरंभ करतो. म्हणून एखादा अंधुक तारा पहिल्या मिनिटाला दिसला नाही, तर तासभर टक लावून पाहिल्यानेही तो दिसावयाचा नाही. छायाचित्राच्या काचेचे तसे नाही. थेंबाथेंबाने रांजण भरावा तसा ती प्रकाश साठवीत जाते. जो तारा डोळ्यास कधीही दिसणार नाही तो तासाभराने काचेवर एका ठिपक्याच्या रूपाने उमटतो. मात्र त्यासाठी काच तासभर प्रकाश घेण्यास समर्थ असली पाहिजे आणि दुर्बीण तासभर त्याच ताऱ्यावर खिळून राहिली पाहिजे. या दोन अटी पुऱ्या करता करता माणसांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याने आपली छायाचित्राची कृती जगापुढे ठेवली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यास आयोडिनची वाफ द्यावयाची, प्रकाश दाखवावयाचा आणि मग पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवावयाचे, अशी ती कृती होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील रसायनशास्त्राचे अध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी या रीतीने चंद्राचे चित्र घेतले. त्यास सुमारे २० मिनिटे लागली. ज्योतिष हा त्यांचा व्यवसाय नव्हता. हाती नवी विद्या आली, तेव्हा ती चंद्रावर चालवून पाहावी एवढीच जिज्ञासा होती. १८५० च्या जुलैत अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून अभिजित ताऱ्याचे चित्र घेण्यात आले. सूर्य सोडला तर ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र. ते घेण्यासाठी वेधशाळेला बॉस्टनमधील व्हिपल नावाच्या धंदेवाईक छायाचित्रकाराचे साहाय्य घ्यावे लागले होते. म्हणजे दुर्बीण पंडितांची आणि हात स्टुडिओवाल्याचा, अशी ही पहिली जुळणी होती.

या व्हिपलने घेतलेले चंद्राचे एक चित्र १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले होते. तेथे ते वॉरन डी ला रू नावाच्या गृहस्थाच्या दृष्टीस पडले. हा गृहस्थ कागद व छपाईच्या धंद्यातला. त्याच्या घराण्याच्या कारखान्याशी आपलाही संबंध आलेला आहे. १८५५ पासून हिंदुस्थानची टपालाची तिकिटे त्याच कारखान्यात छापली जात असत आणि १९२६ साली हे काम नाशिकच्या छापखान्याकडे आले. असा हा व्यापारी माणूस, परंतु स्वतःच्या हाताने १३ इंची आरसा घासून त्याने दुर्बीण सिद्ध केली होती. चंद्राचे ते चित्र पाहून त्याच्या मनाने ध्यास घेतला. १८५१ मध्येच आर्चर नावाच्या इंग्रजाने काचेवरील ओल्या कलोडियनची नवी कृती प्रसिद्ध केली होती. ती दागेरच्या कृतीहून कितीतरी जलद होती. डी ला रू याने ती उचलली. परंतु त्याच्या दुर्बिणीला तारकांच्या गतीने फिरविणारे घड्याळाचे यंत्र नव्हते. चंद्र सरकेल तसतशी काचेची चौकट हाताने सरकवीत त्याने चित्रे घेतली. पुढे त्याला हाताच्या कामाची मर्यादा कळली. त्याने काही काळ हे काम थांबविले आणि १८५७ मध्ये गावाबाहेर नवी वेधशाळा उभारून, दुर्बिणीस यंत्र बसवून पुन्हा आरंभ केला. १८६० साली स्पेनमध्ये जाऊन त्याने खग्रास सूर्यग्रहणाची चित्रे घेतली. ग्रहणाच्या वेळी कडेस दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला चंद्राच्या की सूर्याच्या, हा वाद तेव्हा चालू होता. ग्रहणात चंद्र जसजसा पुढे सरकतो तसतशा त्या ज्वाला त्याच्या आड झाकल्या जातात, चंद्राबरोबर सरकत नाहीत, हे त्याच्या चित्रांत स्पष्ट दिसले. त्याच ग्रहणाची सेक्की या इटालियन पाद्र्याने दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेली चित्रेही तेच सांगत होती. वाद मिटला. ज्वाला सूर्याच्या ठरल्या.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ल्यूइस रदरफर्ड नावाचा एक वकील आपल्या घराच्या बागेत असाच उद्योग करीत होता. छायाचित्राच्या काचेवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम अधिक होतो. डोळ्यासाठी केलेले भिंग मात्र पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला अनुरूप असते. म्हणून डोळ्यास स्वच्छ दिसणारे चित्र काचेवर धूसर येते. रदरफर्डने हे ओळखले आणि १८६४ मध्ये ११ इंचांहून थोडे मोठे असे एक भिंग केवळ काचेसाठी तयार करविले. त्या दुर्बिणीतून डोळ्याने पाहिले तर काहीच धड दिसत नसे! डोळ्यास निरुपयोगी अशी दुर्बीण पदरचा पैसा घालून करवून घेणारा हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेडा वाटला असल्यास नवल नाही. पण १८६५ साली त्याने घेतलेली चंद्राची चित्रे पुढे पुष्कळ वर्षे नमुनेदार मानली गेली.

तथापि ओल्या काचेत एक मोठी खोड होती. ती ओली असेतोवरच काम देई. दहा-पंधरा मिनिटांत वाळली की निकामी. चंद्र तेजस्वी असल्याने त्याचे भागले. अंधुक तेजोमेघांना मात्र तासन्‌तास प्रकाश हवा. ही अडचण १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने दूर करण्यास आरंभ केला. त्याने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून कोरडी काच सुचविली. पुढच्या दहा वर्षांत अशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या आणि आकाशाचे छायाचित्र घेणारांचे भाग्य फळफळले. चंद्राचे पहिले चित्र घेणाऱ्या ड्रेपर यांचा मुलगा हेन्री ड्रेपर हा शिक्षणाने वैद्य. ३० सप्टेंबर १८८० च्या रात्री त्याने मृगातील तेजोमेघावर ५१ मिनिटे दुर्बीण खिळवून त्याचे पहिले छायाचित्र घेतले. १८८२ च्या मार्चमध्ये त्याने हाच काळ १३७ मिनिटांवर नेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला. त्याच्या पत्नीने हा वारसा वाया जाऊ दिला नाही. तिने दिलेल्या धनातून हार्वर्ड येथे ताऱ्यांच्या वर्णपटांची सूची सिद्ध झाली. अ‍ॅनी कॅनन या विदुषीने सव्वादोन लाखांवर ताऱ्यांची वर्गवारी तीत केली आणि त्या सूचीला आजही हेन्री ड्रेपरचेच नाव आहे.

ड्रेपरच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, म्हणजे १८८३ च्या जानेवारीत, लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्रू कॉमन याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे चित्र घेतले. कॉमन हा आरोग्यव्यवस्थेचा इंजिनियर. नळ आणि मोऱ्या हा त्याचा धंदा. त्याच्या त्या चित्रात असे तारे उमटले होते, की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याने पाहता येत नव्हते. ज्योतिषाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व फार आहे. तोपर्यंत छायाचित्र म्हणजे पाहिलेल्या गोष्टीची नोंद, असे मानले जाई. न पाहिलेली गोष्ट छायाचित्र दाखवू शकते, हे येथे सिद्ध झाले. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला १८८४ मध्ये सुवर्णपदक दिले.

या चित्रांमागच्या कष्टांची थोडी कल्पना दिली पाहिजे. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. दुर्बीण त्याच गतीने उलट फिरवावयाची, तर वजन खाली उतरत असताना चाके फिरविणारे घड्याळासारखे यंत्र लागते. ते यंत्र कितीही चांगले असले तरी थोडे पुढे-मागे होतेच. म्हणून मोठ्या दुर्बिणीला एक लहान दुर्बीण जोडलेली असते. तिच्यात दोन बारीक तंतूंची फुली. एक तारा त्या फुलीवर धरून माणसाने डोळा लावून बसावयाचे. तारा केसभर ढळला की हाताने स्क्रू फिरवून त्याला जागेवर आणावयाचे. हे एक तास, दोन तास, चार तास. रात्र थंडीची, कारण थंडीतच आकाश निवळ असते. शेकोटी जवळ नाही, दिवा नाही, उठून पाय मोकळे करण्याची सोय नाही. आणि शेवटच्या दहा मिनिटांत ढग आला की सारे वाया! पगारासाठी हे करणारे थोडे. ज्याला केल्याविना चैन पडत नाही, तोच हे करू जाणे.

लिव्हरपूलजवळचा इमारतींचा कंत्राटदार आयझॅक रॉबर्ट्‌स हा त्यांपैकीच एक. त्याने २० इंची आरशाची दुर्बीण केवळ छायाचित्रांसाठी बसवून घेतली. २९ डिसेंबर १८८८ रोजी तिच्यातून देवयानीतील तेजोमेघाचे चार तासांचे चित्र घेण्यात आले. नुसत्या डोळ्यांना जो एक धुरकट डाग दिसतो, तो या चित्रात भोवऱ्यासारखी वळणे असलेली प्रचंड रचना म्हणून प्रकट झाला. हे चित्र जगभर गाजले. परंतु त्याचा अर्थ लावताना रॉबर्ट्‌स चुकला. लाप्लासच्या कल्पनेप्रमाणे वायूच्या कड्यांतून एखादी सूर्यमाला जन्म घेत आहे, असे त्याला वाटले. १९२३ साली हबल याने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या काचेवर देवयानीतील एक स्पंदणारा तारा हेरला आणि तिचे अंतर काढले, तेव्हा कळले की ही सूर्यमाला नव्हे. आपल्या आकाशगंगेसारखे ते दुसरे विश्व आहे. आजच्या मोजमापाप्रमाणे ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. येथे हौशी माणसाची मर्यादाही दिसते, हे लपविण्याचे कारण नाही. चित्र मिळणे आणि चित्र कळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पण पहिली पायरी कोणीतरी बांधल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे.

कधीकधी एखाद्या अप्रसिद्ध माणसाच्या साध्या मदतीतून केवढे मोठे कार्य उभे राहते, याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. १८८२ च्या सप्टेंबरात एक महान धूमकेतू उगवला. केप येथील सरकारी वेधशाळेचा प्रमुख डेव्हिड गिल याला त्याचे चित्र हवे होते. पण त्याच्यापाशी छायाचित्राचे साहित्यही नव्हते आणि अनुभवही नव्हता. त्याने जवळच्या गावातील अ‍ॅलिस नावाच्या छायाचित्रकारास बोलाविले. माणसांचे चेहरे टिपण्याचा त्याचा कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधला. धूमकेतू उमटलाच, पण त्यामागे पसरलेले शेकडो तारेही उमटले. ते पाहून गिलला कल्पना सुचली, की आकाशाचा नकाशा हाताने काढण्याऐवजी छायाचित्रांनी का करू नये? त्यातून दक्षिण आकाशातील ४,५४,८७५ ताऱ्यांची सूची झाली. १८८७ साली पॅरिसला सर्व देशांच्या ज्योतिषांची सभा भरली आणि साऱ्या आकाशाचा छायाचित्रनकाशा करण्याचे ठरले. या कामातील एक वाटा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने उचलला. ही वेधशाळाही मुळात एका हौशी सरदाराची. नवाब जफर जंग यांनी विलायतेतून १५ इंची दुर्बीण आणून १९०१ मध्ये ती स्थापिली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ती संस्थानाने आपल्याकडे घेतली.

आतापर्यंत आम्ही ज्यांची नावे घेतली त्यांपैकी बहुतेक संपन्न गृहस्थ होते. तेव्हा कोणी म्हणेल, की ही श्रीमंतांची चैन झाली. गरिबाने कोठे ३६ इंची आरसे आणावे? आक्षेप रास्त आहे. म्हणून एडवर्ड बर्नार्डची हकिकत सांगतो. हा १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल गावी जन्मला. बाप त्याच्या जन्मापूर्वीच वारला होता. घरी अठराविश्वे दारिद्र्य. वयाच्या नवव्या वर्षी त्याला एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामास लावले. त्या काळी चित्रे मोठी करण्यासाठी सूर्यप्रकाश लागे. दुकानाच्या छपरावर ‘ज्युपिटर’ नावाचे एक अवजड यंत्र होते आणि सूर्य सरकेल तसतसे त्याचे तोंड हाताने सूर्याकडे वळवीत ठेवणे, हे या मुलाचे काम. दिवसचे दिवस त्याने ते केले. पुढे थोडे पैसे साठवून त्याने दुर्बीण घेतली, धूमकेतू शोधले आणि त्यासाठी मिळालेल्या बक्षिसांतून घर बांधले. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत त्याला काम मिळाले. तेथे ३६ इंची भिंगाची थोर दुर्बीण होती; परंतु आकाशगंगेची जी चित्रे त्याने १८८९ पासून घेतली, ती एका स्टुडिओतून आलेल्या ६ इंची जुन्या भिंगाने घेतलेली होती. लोकांचे चेहरे टिपून म्हातारे झालेले ते भिंग आता आकाशगंगेतील तारकामेघ टिपू लागले. त्या चित्रांत मधूनमधून दिसणाऱ्या काळ्या पोकळ्या म्हणजे रिकामी जागा नसून ताऱ्यांना झाकणारे धुळीचे ढग आहेत, हा निर्णय हळूहळू त्याच्या चित्रांवरूनच पक्का झाला. त्याचा आकाशगंगेचा चित्रसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनी, १९२७ साली निघाला. त्याच्या ७०० प्रतींत डकवावयाची ३५,७०० छायाचित्रे त्याने हयातीत एकेक करून स्वतः तपासली होती. छपरावर सूर्यामागे यंत्र फिरविणाऱ्या त्या पोराची चिकाटी शेवटपर्यंत सुटली नाही.

आता आपण आपल्या प्रांतात येऊ. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि देश ओलांडून वऱ्हाडमार्गे ईशान्येकडे गेली. तो काळ आपल्याकडे कठीण होता. मुंबई-पुण्याकडे प्लेगने हाहाकार केला होता. रँडच्या खुनाला पुरते सात महिनेही झाले नव्हते. अशा दिवसांत दूरदूरचे ज्योतिषी दुर्बिणी व पेट्या घेऊन येथे आले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर उतरला. लॉकियरने विजयदुर्गावरून १८६८ साली हेलियमचा शोध लावला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती बरोबर नाही. १८६८ मध्ये तो इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला तो या १८९८ च्या ग्रहणासाठी. हा लॉकियरही मूळचा युद्धखात्यातील कारकून आणि फावल्या वेळचा ज्योतिषी, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. करमाळ्याजवळ जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळ पडला होता. तेथेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपली उपकरणे घेऊन गेले होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीने पुण्यास उभी राहिलेली वेधशाळा नायगमवालांनीच चालविली. तिची २० इंची दुर्बीण कित्येक वर्षे हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

वऱ्हाडात पुलगाव व धामणगाव यांच्यामधील तळणी येथे उतरलेली मंडळी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची होती. ही संस्था १८९० मध्ये मुख्यतः हौशी लोकांसाठी निघाली आणि तिने आरंभापासून स्त्रियांना सभासद करून घेतले. वृद्ध आणि प्रतिष्ठित अशा रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला तेवढे करावयास १९१६ साल उजाडावे लागले. तळणीच्या मंडळीत अ‍ॅनी माँडर ही बाई होती. ती केंब्रिजमध्ये गणित शिकलेली, ग्रिनिच वेधशाळेत अल्प वेतनावर काम केलेली. १८९५ मध्ये तेथल्याच ज्योतिषाशी लग्न झाले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला नोकरी सोडावी लागली. म्हणजे तळणीच्या माळावर ती उभी राहिली ती कोणत्याही सरकारी अधिकाराने नव्हे. तिच्यापाशी दीड इंची भिंगाचा एक लहानसा कॅमेरा होता. ग्रहण पूर्ण असण्याचा काळ सुमारे दोन मिनिटे. तेवढ्यात घेतलेल्या तिच्या चित्रात सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक किरण सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १४ पट लांबवर गेलेला उमटला. एवढा लांब किरण तोवर कोणीच टिपला नव्हता. जिला वेधशाळेत जागा उरली नव्हती, तिने वऱ्हाडच्या एका लहानशा गावातून दीड इंची भिंगाने हे केले!

त्याच दशकात आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘ज्योतिर्विलास’ लोक आवडीने वाचीत होते. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्याचे दुसरे नाव आहे. दीक्षितांसारखा पट्टीचा विद्वान आकाशदर्शनाला ‘मौज’ म्हणतो, यात फार मोठा शहाणपणा आहे असे आम्हांस वाटते. तारे पाहण्याची ही मौज आपल्या लोकांत होती. परंतु तिला काच, भिंग, रसायने आणि यंत्र यांची जोड मिळण्यास फार उशीर लागला. पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये निघाली, तेव्हा हौशी लोकांना एकत्र येण्यास जागा झाली.

दरम्यान पश्चिमेकडे चित्र पालटले होते. १९०८ मध्ये ६० इंची, १९१७ मध्ये १०० इंची आणि १९४८ मध्ये २०० इंची, अशा महाकाय दुर्बिणी अमेरिकेत उभ्या राहिल्या. आकाशाचे छायाचित्रण हे आता मोठ्या संस्थांचे काम झाले. हौशी मंडळी आपापल्या अंगणात राहिली. त्यांच्या फिल्मची एक वेगळीच तक्रार असे. मंद प्रकाश पुष्कळ वेळ घेतला की फिल्म जणू थकते. दुप्पट वेळ देऊनही दुप्पट चित्र उमटत नाही. हा दोष श्वार्झशिल्ड याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच मोजून दाखविला होता. त्यावर उपाय म्हणून पुढे हौशी लोक फिल्म हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात ऊब देऊन ठेवीत, कोणी ती बर्फासारखी गार करून वापरीत. एवढ्या खटपटीनंतरही हाती येई ते बहुधा वेधशाळेच्या चित्रापुढे फिके. तरीही त्यांनी सोडले नाही.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून साठविणारी एक चकती योजिली. सी.सी.डी. या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काचेवर पडलेल्या प्रकाशाचा फार थोडा अंश काच नोंदवीत असे. ही चकती अर्ध्याहून कितीतरी अधिक नोंदविते आणि थकत नाही. शिवाय शंभर लहान चित्रे गणकयंत्रावर एकावर एक रचून एक मोठे चित्र करता येते. ढग आला तरी सारी रात्र वाया जात नाही. १९९० नंतर ही साधने सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली आणि हौशी माणसाला आपली गमावलेली जागा पुन्हा मिळाली. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातील रोसारिओ शहरी व्हिक्टर बुसो नावाचा एक कुलपे-किल्ल्या करणारा कारागीर घराच्या गच्चीवरील दुर्बिणीला नवा कॅमेरा लावून तपासीत होता. सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेची चित्रे तो एकामागून एक घेत होता. पाहता पाहता चित्रांत एक नवा ठिपका उगवला आणि तेजाळू लागला. एका ताऱ्याचा स्फोट होऊन त्याचा पहिला प्रकाश बाहेर पडताना त्याने पकडला होता. वेधशाळा वर्षानुवर्षे ज्या क्षणाची वाट पाहत होत्या तो त्याच्या गच्चीवर उतरला. शास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास करून २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्याच्या लेखकांत या कारागिराचेही नाव आहे.

रॉबर्ट्‌सच्या देवयानीची गोष्टही अद्याप संपलेली नाही. त्याच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे जगातील प्रत्येक मोठ्या दुर्बिणीने देवयानीकडे पाहिले. आता तिच्या शेजारी नवे काय राहिले असणार, असे कोणालाही वाटावे. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या तीन हौशी मंडळींनी शंभराहून अधिक तास प्रकाश साठवून तिचे चित्र घेतले. त्यात दीर्घिकेच्या बाजूस प्राणवायूच्या निळसर प्रकाशाची एक अंधुक कमान दिसली. लांबी पौर्णिमेच्या चंद्राच्या तिप्पट! २०२३ च्या जानेवारीत हा शोध प्रसिद्ध झाला. ती कमान देवयानीची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर पंडितांत चर्चा झाली. मोठ्या दुर्बिणींना ती का दिसली नाही? त्यांची नजर बारीक असते, पण अरुंद असते. आणि त्यांचा प्रत्येक तास आधीच कोणाला तरी वाटून दिलेला असतो. एकाच ठिकाणी शंभर तास बसून राहण्याची मुभा त्यांना कोण देणार? ती मुभा हौशी माणूस स्वतःच स्वतःला देतो. १८८८ मध्येही त्याचे बळ हेच होते आणि आजही हेच आहे.

मात्र त्याच्यापाशी असलेले एक भांडवल झपाट्याने संपत चालले आहे. ते म्हणजे अंधार. नायगमवालांची दुर्बीण जेथे उभी होती त्या पुण्याच्या संगमाजवळून आज आकाशगंगा दिसत नाही. रस्त्यावरचा दिवा जमिनीवर प्रकाश पाडण्याऐवजी आकाशात उधळतो, त्याचा हा परिणाम. दिव्यांवर टोपी घालावी, प्रकाश खाली वळवावा, नको तेथे विझवावा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाने आजूबाजूच्या गावांतील दिवे असेच सुधारून घेतले आणि २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून त्यास मान्यता मिळाली. दीडशे वर्षांपूर्वी या हौसेत दुर्मिळ होती ती काच आणि दुर्बीण. आता ती दुकानात मिळतात आणि अंधार दुर्मिळ झाला आहे.

हे व्याख्यान संपल्यावर आपण घरी निघू तेव्हा मघा डोक्यावरून किंचित पश्चिमेस कललेली असेल, चित्रा-स्वाती पूर्वेकडून वर आलेल्या असतील आणि उत्तरेस सप्तर्षी असतील. आपल्यापैकी कोणाला वाटलेच, तर एखाद्या सुटीच्या रात्री गावाबाहेर जावे. साधा कॅमेरा तिकटीवर घट्ट बसवून त्याचे तोंड ध्रुवाकडे करावे. पुण्यातून तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर सापडेल. अर्धा तास कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवावा. ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या साडेसात अंशांच्या कमानी उमटतील. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या रात्री ते आपल्या हाताने लिहून काढल्यासारखे होईल. त्यातून शोध लागणार नाही, पैसा मिळणार नाही. बर्नार्ड छपरावर यंत्र फिरवीत होता तेव्हा त्यालाही पुढचे काही ठाऊक नव्हते. म्हणीचा कोणता अर्थ खरा, याचे उत्तर आमच्या शब्दांपेक्षा तो अर्धा तास अधिक चांगले देईल.